हुकाची जखम

माझ्या भावाच्या पोटावरची काळी खपली सगळ्यात आधी मी पाहिली. डॉक्टरांच्या आधी, वहिनींच्या आधी, खुद्द त्याच्याही आधी. पाहिली आणि माझ्या हुकाच्या नावावर टाकली. त्यापायी दादा जवळजवळ गेलाच होता. पुढे याच खपलीसाठी भरल्या सभागृहात माझ्या नावाने टाळ्या वाजल्या. तेव्हापासून माझ्या मनाला खातंय, म्हणून एकदा सगळं नीट सांगून टाकतो.

मी शिंपी आहे. पुरुषांच्या पँटी शिवतो, दुसरं काही नाही. शर्ट शिवायला आलेल्या माणसाला मी समोरच्या दुकानात पाठवतो. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, मेडिकल कॉलेजात प्राध्यापक. शरीर रोगाशी कसं लढतं, हे तो शिकवायचा. त्यातही त्याची हयात गेली ती जंतूंच्या एका घराण्यामागे. रिकेट्सिया. हे नाव जिभेवर बसायला मला दोन वर्षं लागली. दादाला एक खोड होती. कुठलंही नवं व्याख्यान आधी माझ्यावर करून पाहायचं. पँटच्या ट्रायलला यायचा, आरशासमोर उभा राहायचा आणि सुरू व्हायचा. माझ्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे मी मधे बोलत नाही. असा श्रोता त्याला अख्ख्या कॉलेजात मिळाला नसता.

त्यामुळे परीक्षा न देता मला बरंच येतं.

"हे बघ बारक्या," तो म्हणायचा. वय अठ्ठावन्न झालं तरी घरात मी बारक्याच आहे. "अंगात जंतू शिरला की आधी धावतात त्या रेडिमेड पेशी. सगळ्यांना बसतील अशा, म्हणजे कोणालाच नीट न बसणाऱ्या. मापाचं काम मागून येतं. जंतूचं माप घ्यायचं, त्याला नेमकी बसेल अशी अँटिबॉडी बनवायची, मग ती ढिगाने काढायची. याला आठवडा जातो, कधी दहा दिवस. तुझ्यासारखंच. परवा देतो म्हणायचं आणि दहाव्या दिवशी द्यायचं."

मी टाचण्यांमधून हूं करायचो. मी दहा दिवस कधीच लावत नाही. आठ म्हणजे डोक्यावरून पाणी.

"आणि हा आपला जंतू महा लबाड," दादा पुढे सांगायचा. "तो रक्तात उघडा हिंडत नाही. रक्तवाहिनीला आतून जे अस्तर असतं ना, त्या अस्तराच्या पेशीत घुसून बसतो. आत बसलेल्याचं अँटिबॉडी बाहेरून काय वाकडं करणार? मग मारेकरी पेशी येतात आणि ज्या पेशीत तो लपलाय ती पेशीच मारतात. जंतू जातो, पण अस्तरही जातं. असं फार झालं की वाहिन्या पाझरायला लागतात. फुप्फुसात पाणी, मेंदूला सूज. आता सांग, माणसाला मारलं कोणी? अर्धं जंतूने, अर्धं आपल्याच माणसांनी."

अस्तर म्हटलं की मला लगेच कळायचं. आतून अस्तर गेलं की कोट वरून कितीही ऐटदार दिसू दे, तो गेलाच. हे मला प्राध्यापकाने शिकवायची गरज नाही.

त्याचं हे सगळं पुराण एका खपलीपाशी येऊन थांबायचं. गवतात एक किडा असतो, डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढा, आणि त्याचं पिल्लू चावतं. चावा कळतही नाही. काही दिवसांनी तिथे काळी खपली धरते, विडीचा चटका बसल्यासारखी. ती दुखत नाही, खाजत नाही, आणि नेमकी अशा जागी असते जिथे कोणी पाहत नाही. मागून ताप येतो. पहिल्या आठवड्यात रक्त तपासलं तर निगेटिव्ह येणार, कारण तपासणी अँटिबॉडी शोधते आणि अँटिबॉडी अजून शिवून झालेली नसते. म्हणून रिपोर्टवर विसंबू नका, रोग्याला मानेपासून तळपायापर्यंत उघडा करून बघा, खपली दिसली की गोळी सुरू करा. साधी गोळी आहे, वेळेवर दिली तर दोन दिवसांत ताप उतरतो. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मला कोणी भर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

आता त्या मंगळवाराचं सांगतो.

दादा निवृत्त व्हायचा होता आणि निरोपाचं व्याख्यान ठरलं होतं. त्यासाठी राखाडी पँट, कापड त्याने स्वतः आणलेलं. त्या मंगळवारच्या दहा-अकरा दिवस आधी कॉलेजामागच्या मोकळ्या जागेत विद्यार्थ्यांबरोबर त्याचा फोटो निघाला होता. गवत गुडघाभर वाढलेलं. त्याच्यासाठी खुर्ची मांडली होती, पण साहेबांना साधेपणाचा झटका आला आणि ते पोरांच्या पुढे गवतात मांडी घालून बसले. किड्यांवर तीस वर्षं शिकवत आलेला माणूस गुडघाभर गवतात बसतो आणि फोटोत हसतो. तो फोटो आमच्या बैठकीत आहे. मी त्याच्याकडे पाठ करून बसतो.

तर ट्रायल. दादाने पोट आत घेऊन हुक लावला आणि आरशात बघत व्याख्यान सुरू केलं. कंबर बघायला मी त्याचा शर्ट वर सारला, हुक काढला, पँटचा कमरेचा पट्टा थोडा खाली केला. पोटाच्या वळीखाली, हुक येतो बरोबर तिथे, उजव्या अंगाला एक काळी खपली होती. शर्टाच्या छोट्या बटणाएवढी, कडेने लाल.

मला वाटलं, हुक लागला.

आधीची पँटही मीच शिवलेली, तिलाही तसाच हुक. चौतीस वर्षं धंदा करतोय. माझी पँट कोणाला चावली असं एका माणसाने म्हटलेलं नाही, आणि चावली ती सख्ख्या भावाला. मी अंगठ्याने खपली हळूच दाबून पाहिली. दादा हूं की चूं करेना. तो आरशातल्या दादाला सांगत होता, "ही खपली दुखत नाही, खाजत नाही, आणि म्हणूनच ती कोणी शोधत नाही." वर हे चाललेलं आणि खाली माझा अंगठा त्या खपलीवर. तोंडात सात टाचण्या. मी मनात म्हणत होतो, देवा, याच्या लक्षात यायच्या आत हुक बदलून टाकू.

त्याच्या लक्षात येणार नव्हतं. स्वतःच्या पोटाआडचं त्याला गेली दहा वर्षं दिसत नव्हतं, आणि आंघोळ चष्म्याशिवाय. तो गेल्यावर मी हुक उसवला, तिथे काज केलं आणि चपटं बटण लावलं. आतून मऊ कापडाची पट्टी दिली. काम इतकं सफाईचं झालं की स्वतःवरच खूश होऊन मी चहा मागवला.

बुधवारी दादाला ताप आला. त्याने स्वतःच निदान केलं, हवा बदललीय. शुक्रवारी मी पँट घेऊन घरी गेलो. तो पांघरुणात होता, डोकं धरून. पँट वहिनींनी कपाटात अडकवली. दादाला विचारावं असं एकदा वाटलं, की पोटाशी काही झोंबतं का. पण त्याने "का रे?" विचारलं असतं, आणि मग हुकावर आलं असतं. मी म्हणालो, विश्रांती घे. शनिवारी त्याला दवाखान्यात हलवलं.

दवाखाना म्हणजे त्याचंच कॉलेज. वॉर्डचे डॉक्टर त्याचे जुने विद्यार्थी, चांगले सहा फूट उंच, पण दादाच्या खाटेशी आले की चार इंच कमी व्हायचे. त्यांना पहिली शंका आली ती याच रोगाची. सरांचा विद्यार्थी म्हटल्यावर येणारच. त्यांनी हात पाहिले, मान पाहिली, छाती, पाठ, पोटऱ्या. पुढे पायजम्याच्या नाडीकडे हात गेला तशी दादाने भुवई उचलली आणि डॉक्टरांनी हात मागे घेतला. मानेपासून तळपायापर्यंत बघा, असं ज्याने सांगितलं, त्याचं कमरेच्या वर आणि गुडघ्यांच्या खाली एवढंच बघून झालं. मधला मुलूख आदरापोटी वगळला. वहिनींना तरी कुठून दिसणार. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण दादा अजून बाथरूमची कडी लावून कपडे बदलतो.

रविवारी रिपोर्ट आला, निगेटिव्ह. बाकीचे ताप तपासले, तेही निगेटिव्ह.

"सर, तरी गोळी सुरू करू या," डॉक्टर म्हणाले. मी तिथेच स्टुलावर बसलो होतो.

"कशाच्या जोरावर?" दादाचे डोळे लाल झाले होते, पण आवाज वर्गातलाच. "खपली सापडली?"

"नाही सर."

"रिपोर्ट?"

"निगेटिव्ह. पण सर, पहिल्या आठवड्यात तुम्हीच सांगायचात की..."

"मी शिकवलेलं मला शिकवू नका. पुराव्याशिवाय औषध देणं म्हणजे माप न घेता कापडाला कात्री लावणं. थांबा. दोन-चार दिवसांनी पुन्हा रक्त घ्या. असेल तर आकडा चढलेला दिसेल."

कात्रीचं ते वाक्य माझं. त्याने माझ्या दुकानातून उचललं आणि वर्गात स्वतःचं म्हणून वापरलं, पण तो हिशेब तेव्हा काढण्यात अर्थ नव्हता. मला दिसत होतं ते एवढंच, की या माणसाला स्वतःच्या आजारातही चांगला चढता आकडा हवा होता.

सोमवारी सकाळी त्याला दम लागला. नाकाला नळी, बोलणं तुटक. डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"काकू, फुप्फुसात पाणी धरायला लागलंय," ते म्हणाले. "मी संध्याकाळपर्यंत बघतो, नाहीतर सरांना न विचारता गोळी सुरू करतो. मग त्यांनी मला काय म्हणायचं ते म्हणू दे."

"संध्याकाळपर्यंत कशाला?" वहिनींचा आवाज चढला. "ते नको म्हणतात आणि तुम्ही ऐकता? एवढे मोठे डॉक्टर झालात ते कशासाठी?"

"वर्गात त्यांनी मला एकदा सहा महिने मागच्या बाकावर बसवलं होतं, अंदाजाने औषध लिहिलं म्हणून," डॉक्टर म्हणाले. मोठा माणूस, पण बुटांकडे बघत बोलत होता. "एक खपली मिळाली असती ना, तर सरांचीही बोलती बंद झाली असती. सगळीकडे पाहिलं."

"सगळीकडे?" मी विचारलं.

"म्हणजे, सरांनी जिथे बघू दिलं तिथे."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुमचं तरी ऐकतील. काहीतरी करा."

मी भिंतीला टेकून उभा होतो. मंगळवारचा अंगठा आठवला. दाबल्यावर हूं की चूं न करणारी खपली. हुकाची जखम दाबली तर माणूस ओरडतो. हे मला मंगळवारीच कळायला हवं होतं, नव्हे, कळलंच असावं, आणि मी ते कळू दिलं नसावं. आता बोलायचं तर दोनच गोष्टी निघत होत्या. खपली हुकाची असेल तर मी वाईट शिंपी. नसेल तर मी सहा दिवस भावाचा जीव शिलाईखाली दाबून ठेवलेला माणूस. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून म्हटलं, मी वाईट शिंपी असू दे.

माझ्या गळ्यात टेप होता. तो कायमच असतो, मी तसाच सगळीकडे जातो. मी आत गेलो. मागून डॉक्टर आले.

"दादा, जरा कंबर बघू दे," मी म्हणालो. "वाळलायस. पँट आत घ्यावी लागेल, व्याख्यानाला ढगळ दिसेल."

ज्याने वॉर्डच्या डॉक्टरांना नाडीला हात लावू दिला नाही, तो दम लागलेल्या अवस्थेत निमूटपणे हात वर करून पडून राहिला. टेप म्हटलं की तो लहानपणापासून हात वर करतो. शिकाऊ असताना मी पहिलं माप त्याचंच घेतलं होतं. मी नाडी सैल केली, पायजमा चार बोटं खाली केला, पोटाची वळी वर धरली आणि बाजूला झालो.

डॉक्टर वाकले. त्यांनी काही म्हणायच्या आधीच मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. हुक निर्दोष होता.

"सर," ते म्हणाले, "आहे."

"कुठे?" दादाने डोळे उघडले. "केवढी? काळीच ना? कडा लाल? दाबून बघा, दुखत नाही. फोटो काढा. पट्टी ठेवून काढा, माप कळलं पाहिजे." मग मला म्हणाला, "टेप दे त्यांना."

माझ्याच टेपने त्याची खपली मोजली. नऊ मिलिमीटर. गोळी पाच मिनिटांत आली.

"काका, तुम्हाला कसं सुचलं?" डॉक्टरांनी बाहेर आल्यावर विचारलं. वहिनी रडत होत्या.

तीच वेळ होती. तोंडात एकही टाचणी नव्हती.

"अंदाज," मी म्हणालो.

"शिंप्याची नजर," डॉक्टर म्हणाले आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

बुधवारी ताप उतरला. शनिवारी पुन्हा रक्त घेतलं आणि अँटिबॉडी आल्या, भरघोस, चढत्या आकड्याने, सगळं आटोपल्यावर. दादा खाटेवर उठून बसला होता. रिपोर्ट त्याने दोनदा वाचला आणि लग्नपत्रिका जपावी तसा उशीखाली ठेवला.

व्याख्यान महिन्याभराने झालं. सभागृहात बसायला जागा नव्हती. दादा नऊ किलोंनी उतरला होता, राखाडी पँट मी दोन इंच आत घेतली होती. बोलला मात्र झकास. अँटिबॉडीचं त्या दिवशी त्याने एक नवीन सांगितलं, जे माझ्या दुकानात कधी सांगितलं नव्हतं. म्हणाला, "अँटिबॉडी दिसली म्हणजे शत्रू आत्ता घरात आहे असं नाही. इथे कोणीतरी येऊन गेलं, एवढंच ती सांगते. ती खूण आहे. आणि खूण पुसत नाही." मग त्याने स्वतःच्या पोटाचा फोटो पडद्यावर दाखवला, माझ्या टेपसकट, आणि खपली कशी सापडली ते सांगितलं. "इतक्या पदव्यांच्या गर्दीत ती दिसली फक्त माझ्या धाकट्या भावाला. एका नजरेत. तो शिंपी आहे." त्याने मला उभं राहायला लावलं. सगळे वळून बघत टाळ्या वाजवायला लागले, वॉर्डचे डॉक्टर सगळ्यांत जोरात. वहिनी डोळे पुसत होत्या. कोणी उघडा करून मारलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. रविवारी गोळी आपणच नाकारली, हे दादाने सांगितलं नाही. त्याने रविवार गाळला, मी मंगळवार. शेवटी घराणं एकच.

नंतर तो स्टेजमागच्या खोलीत खुर्चीवर बसला, दमला होता. वहिनी लोकांशी बोलत बाहेर थांबल्या. खोलीत आम्ही दोघंच. तो पाणी प्यायला, त्याने पोटावर हात ठेवला आणि बोटं पट्ट्यावर फिरवत राहिला.

"बारक्या, या पँटला हुक होता."

मी त्याचा रिकामा पेला उचलून टेबलावर ठेवला.

"ट्रायलला होता. लावताना मी पोट आत घेतलं होतं, आठवतंय मला. आता बटण आहे." त्याने पट्टा उलटा केला. "आतून मऊ पट्टी पण दिलीस. बरोबर त्याच जागी." तो खाली बघूनच बोलत होता. "कंबर आत घेतलीस, तेव्हा बदललंस का?"

त्याने मला वाट काढून दिली होती. हो म्हणालो असतो तर तिथे संपलं असतं, त्याने पुन्हा कधी विचारलं नसतं. मला तो लहानपणापासून अशाच वाटा काढून देत आलाय.

"नाही," मी म्हणालो. "मंगळवारी. ट्रायल झाली त्याच दिवशी. मला वाटलं माझा हुक लागला. लाज वाटली म्हणून बोललो नाही. शुक्रवारी घरी आलो तेव्हाही बोललो नाही." आणि मला रडू आलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस गळ्यात टेप अडकवून रडत होतो.

दादाने बोटांवर मोजलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. सोमवारपाशी त्याचं बोट थांबलं.

"रविवारी मी गोळी नको म्हणालो," तो शेवटी म्हणाला. "ते तरी मी कुठे सांगितलं?"

मग तो उठला. उठताना त्याला माझा खांदा धरावा लागला. दारापाशी त्याने शर्ट पँटमध्ये नीट खोचला, कारण बाहेर अजून माणसं होती.

"हुक परत लाव," तो म्हणाला. "त्याने काही केलं नव्हतं."